विश्लेषण : माणसाच्या ३२ वर्षे आधी अवकाशात पोहोचलेला चित्रकार! कोण होते फ्रँक पॉल?

पिवळेधमक आकाश, त्यात कडी असलेला भला मोठा शनी. खाली बर्फावर स्केटिंग करणारी माणसे आणि मागे बर्फाच्या उंचवट्यांवर अडकलेली शिडाची जहाजे. एप्रिल १९२६ मध्ये अमेरिकेत ‘अमेझिंग स्टोरीज’ या विज्ञानकथांना वाहिलेल्या मासिकाचा पहिला अंक निघाला, त्याचे हे मुखपृष्ठ. आतल्या कथा व्हर्न, वेल्स, पो यांच्या, म्हणजे पूर्वी छापून झालेल्याच होत्या. अंकात नवे काही असेल तर ते फ्रँक आर. पॉल यांचे चित्र.

इंजिनीअरसारखी चित्रे का?

पॉल यांचा जन्म १८८४ मध्ये ऑस्ट्रियात झाला. त्यांनी वास्तुकलेचे शिक्षण घेतले होते. पुढे अमेरिकेत संपादक ह्युगो गर्न्सबॅक यांच्या विद्युत आणि रेडिओविषयक मासिकांसाठी ते चित्रे काढू लागले. तिथे यंत्र नुसते सुंदर दिसून भागत नसे, ते चालते कसे हेही वाचकाला कळावे लागे. हीच सवय विज्ञानकथांत आली. त्यांच्या यानाला खिडक्या, जिने, रिव्हेट असतात. शेजारी मुंगीएवढी माणसे, त्यामुळे यान किती मोठे हे लगेच समजते. ऑगस्ट १९२७ च्या मुखपृष्ठावर त्यांनी वेल्स यांच्या मंगळवासीयांची तीन पायांची युद्धयंत्रे रंगवली.

अवकाश स्थानकाचे काय?

हर्मन पोटोच्निक या अभियंत्याने ‘नूरडुंग’ या टोपणनावाने फिरत्या चाकासारख्या स्थानकाचा आराखडा मांडला होता. चाक फिरले की आतल्या माणसांना वजन जाणवेल, ही कल्पना. आराखडा तांत्रिक, रेखाटनेही तशीच. पॉल यांनी ते स्थानक ऑगस्ट १९२९ च्या ‘सायन्स वंडर स्टोरीज’च्या मुखपृष्ठावर रंगांत आणले. युरी गागारिन अवकाशात गेले १९६१ मध्ये!

मग टीका कशावर?

माणसांवर. पॉल यांची माणसे ताठ, चेहरे जवळपास एकसारखे, कपडेही कुठल्याशा गणवेशासारखे. ही टीका खरीच आहे. भडक लाल-पिवळ्या रंगांमुळे अनेकांनी ही चित्रे पोरकट ठरवली. पण त्यांच्या चित्रात नायक माणूस नसतोच. नायक असते ते शहर, यंत्र किंवा एखादा ग्रह. ते लक्षात घेऊन पाहिले तर ताठ माणसे फारशी खटकत नाहीत.

प्रभाव किती?

नोव्हेंबर १९२८ च्या अंकावर त्यांनी गुरू ग्रह रंगवला होता. आपण पाहिलेले पहिले विज्ञानकथा मासिक हेच, असे आर्थर सी. क्लार्क यांनी नमूद केले आहे. जुलै १९३९ मध्ये न्यूयॉर्कला पहिले जागतिक विज्ञानकथा संमेलन भरले, तेव्हा सन्मान्य पाहुणा म्हणून लेखकाला नव्हे, पॉल यांना बोलावले गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ‘मार्व्हल कॉमिक्स’चा पहिला अंक आला. त्यावरचा पेटलेला ‘ह्युमन टॉर्च’ही पॉल यांचाच.