कुत्र्याचीही खांदेमळणी

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी शेतकऱ्याच्या अंगणात बैलांची खांदेमळणी होते. वर्षभर जू वाहिलेला खांदा गरम पाण्यानं शेकायचा, हळद आणि लोणी किंवा तूप लावून हलक्या हातानं चोळायचा आणि उद्याच्या जेवणाचं आमंत्रण द्यायचं. घोड्याला रोज खरारा ही तर पागेतली जुनी शिस्त. राबणाऱ्या जनावराचं अंग हातानं मोकळं करावं लागतं, हे आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. म्हणून ‘कुत्र्याला मालीश’ हे शब्द ऐकून श्रीमंतांचे चोचले म्हणण्याआधी एवढंच विचारावं, की कुत्र्याच्या खांद्यावर कोणतं ओझं असतं?

त्याचं उत्तर त्याच्या सांगाड्यात आहे. माणसाचा हात गळ्याखालच्या आडव्या हाडामुळे छातीच्या पिंजऱ्याशी जोडलेला असतो. कुत्र्यात ते हाड जवळपास नाहीच. त्याचे पुढचे पाय धडाला फक्त स्नायूंनी बांधलेले असतात. दोन खांद्यांच्या मध्ये छाती झोळीसारखी तोललेली असते. शिवाय उभ्या कुत्र्याचं सुमारे ६० टक्के वजन पुढच्या पायांवर पडतं. म्हणजे ३० किलोचा लॅब्रॉडॉर नुसता उभा असला, तरी १८ किलोंचा भार या झोळीवर असतो.

आता हाच लॅब्रॉडॉर दहा वर्षांचा झाला असं धरा. लॅब्रॉडॉर, जर्मन शेफर्ड यांसारख्या मोठ्या जातींमध्ये खुब्याच्या सांध्याचे दोष बरेच आढळतात. पुढे त्या सांध्यांची झीज होते, मागचे पाय दुखू लागतात. मग कुत्रा अंग पुढे टाकतो आणि मागचा भार खांदे, मान, पाठ उचलू लागतात. त्यातून आपल्या फ्लॅटमधल्या गुळगुळीत फरशा. घसरू नये म्हणून तो पावलोपावली स्नायू आवळून चालतो. दुखणं खुब्यात असतं, पण दिवसभर राबून ताठरलेले असतात ते खांदे. मालीश करणारा जाणकार म्हणूनच फक्त दुखऱ्या पायाशी थांबत नाही. त्या पायाचं काम कोणता स्नायू करतोय, ते तो शोधतो.

मालिशीनं नेमकं काय होतं? आवळलेला स्नायू मळला की तो सैलावतो आणि सांध्याला हालचालीसाठी जागा मिळते. लांब, सावकाश हात फिरवल्यानं त्वचेखालचं रक्त आणि लसिकाद्रव पुढे सरकायला मदत होते. तिसरी गोष्ट मज्जातंतूंची. कोपर आपटलं की आपण नकळत ते चोळतो. चोळण्याची संवेदना मज्जारज्जूत वेदनेच्या वाटेवर आडवी येते आणि वेदना मेंदूपर्यंत कमी पोचते. मेल्झॅक आणि वॉल या दोन शास्त्रज्ञांनी १९६५ मध्ये मांडलेल्या सिद्धांताचं हेच सार आहे. कुत्र्याची मज्जासंस्थाही याच धर्तीची आहे.

स्पर्शाचा परिणाम मनावरही होतो, आणि तो दोन्ही बाजूंना. दक्षिण आफ्रिकेतल्या ओडेंडाल आणि मेंटियस या संशोधकांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, शांतपणे कुरवाळताना कुत्रा आणि माणूस दोघांचाही रक्तदाब उतरला आणि दोघांच्याही रक्तात ऑक्सिटोसिन वाढलं. आईच्या मायेशी जोडलं जाणारं संप्रेरक ते हेच. फटाक्यांनी बिथरणाऱ्या किंवा घरात एकटं राहायला घाबरणाऱ्या कुत्र्याला नेमानं मिळणारा शांत स्पर्श आधार देतो, तो बहुधा यामुळे.

पण मालीश म्हणजे रामबाण उपाय नव्हे. ‘शरीरातली विषं बाहेर पडतात’ या दाव्याला आधार नाही. झिजलेला सांधा चोळून भरून येत नाही. सांधेदुखीत पहिला उपाय वजनाचा. अमेरिकेत ४८ लॅब्रॉडॉरांच्या जोड्या लावून त्यांच्या जन्मभर चाललेल्या एका अभ्यासात, जोडीदारापेक्षा चतुर्थांश कमी खाणारे कुत्रे सरासरी जवळपास दोन वर्षं जास्त जगले आणि सांधेदुखीच्या उपचारांची गरजही त्यांना उशिरा पडली. मधल्या वेळचे पोळीचे तुकडे थांबवणं, पशुवैद्यानं दिलेलं औषध, बेताचा व्यायाम आणि घसरड्या फरशीवर सतरंजी, हे सगळं आधी. मालीश त्यांच्या जोडीला.

घरी करायची तर खर्च शून्य. तेल लागतच नाही, कारण केसांवरून कोरडा हातच बरा चालतो. जेवणानंतर निदान दोन तास जाऊ द्यावेत. फिरून आल्यावर, घर शांत असताना, जमिनीवर सतरंजी टाकून त्याच्या शेजारी बसावं. सुरुवात मानेपासून शेपटीकडे, केसांच्या दिशेनं, उघड्या तळव्यानं. पाठीच्या कण्यावर दाब कधीच द्यायचा नाही. कण्याच्या दोन्ही अंगांना जे स्नायू आहेत, त्यांवरून हात न्यायचा. मग खांद्यावर बोटांनी छोटी वर्तुळं आणि मांडीच्या मांसल भागाला कणीक मळावी तसं हलकं मळणं. दाब किती? आंबा पिकलाय का हे पाहताना आपण जेवढं दाबतो, तेवढाच. शेवटी पुन्हा लांब, सावकाश हात. दहा-पंधरा मिनिटं, आठवड्यातून दोन-तीनदा पुरे.

यात मर्जी त्याची चालते. मधूनच हात उचलावा. तो अंग टेकवतो, उसासा टाकतो, डोळे जड होतात, तर पुढे जावं. ओठ चाटतो, पुनःपुन्हा जांभई देतो, तोंड फिरवतो, अंग ताठ करतो, तर थांबावं. तो ‘नको’ म्हणतोय. गुरगुरेपर्यंत वाट पाहू नये. पंजांना हात लावलेला पुष्कळ कुत्र्यांना खपत नाही, तिथे हट्ट धरू नये.

काही वेळा हात लावूच नये. ताजी दुखापत, सूज, मोडलेलं हाड, त्वचेचा संसर्ग, ताप. (कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असतं, त्यामुळे नुसतं अंग गरम लागणं म्हणजे ताप नव्हे.) मागचे पाय अचानक लुळे पडले किंवा पाठीला हात लावताच तो किंचाळला, तर मणक्यातली चकती सरकलेली असू शकते. डॅशहुंडसारख्या लांब पाठीच्या जातींत हा धोका मोठा. तेव्हा मालीश नाही, थेट दवाखाना. आणि आपल्या कपाटातले बाम, वेदनाशामक मलमं तर त्याला कदापि लावू नयेत. तो ती चाटणारच. त्यांतली डायक्लोफेनॅक आणि आयबुप्रोफेनसारखी औषधं कुत्र्याच्या पोटात व्रण करतात, मूत्रपिंडं निकामी करू शकतात. कापूर आणि निलगिरीचं तेलही त्याला बाधतं.

या साऱ्यात मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो मात्र वेगळाच लाभ. कुत्रा वेदना बोलून दाखवत नाही. तो जिन्यापाशी क्षणभर थबकतो, गाडीत उडी मारायचं सोडतो, एकच सांधा चाटत बसतो, आणि आपण म्हणतो, ‘वय झालं आता त्याचं.’ डोळ्यांना जे वय वाटतं, ते हाताला दुखणं म्हणून कळतं. नेमानं फिरणाऱ्या हाताला कानामागची गोचीड सापडते, कालपर्यंत नसलेली गाठ लागते. जबड्याखाली, खांद्याच्या पुढे आणि गुडघ्याच्या मागे लसिकाग्रंथी असतात. त्या टपोऱ्या लागल्या, तर त्याच आठवड्यात पशुवैद्याला दाखवावं. दुखरा पाय वापरणं कमी झालं की त्याची मांडी हळूहळू उतरते. केसांमुळे ते दिसत नाही, पण दोन्ही तळव्यांनी दोन्ही मांड्या एकदम धरल्या की फरक कळतो. ‘हल्ली जरा मंद झालाय’ यापेक्षा ‘डावी मांडी उजवीहून बारीक लागते’ हे वाक्य पशुवैद्याच्या कितीतरी जास्त कामाचं आहे.

खांदेमळणीच्या संध्याकाळी शेतकरीसुद्धा तेच करतो. चोळता चोळता कुठे घट्टा पडलाय, कुठे कातडं सोललंय, हे त्याच्या बोटांना कळतं. बैलाच्या वाट्याला ती संध्याकाळ वर्षातून एकदा येते. आपला कुत्रा रोज संध्याकाळी दाराशी येऊन उभा असतो, त्याच दोन खांद्यांवर अर्ध्याहून जास्त भार घेऊन. मोबाइल बाजूला ठेवून दहा मिनिटं त्याच्याजवळ खाली बसावं.