मधली माणसं

9 ऑक्टोबर 1997. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या चॅपल हिल गावी 66 वर्षांच्या डीन स्मिथनी पत्रकारांना बोलावलं आणि आपण थांबतो आहोत असं सांगितलं. तिथल्या विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाचे ते 36 वर्षं मुख्य प्रशिक्षक होते. 879 विजय, म्हणजे तोवर कुठल्याही कॉलेज प्रशिक्षकाने मिळवले नव्हते इतके, आणि दोन राष्ट्रीय अजिंक्यपदं. लोकांनी त्या दिवशी हेच आकडे मोजले. मला मात्र त्या तारखेचंच कुतूहल वाटत आलं आहे.

मोसम मार्चच्या अखेरीस किंवा एप्रिलच्या सुरुवातीला संपतो. निवृत्त व्हायचं तर एप्रिल आहे, मे आहे. स्मिथनी ऑक्टोबर निवडला, सराव सुरू व्हायला जेमतेम आठवडा-दीड आठवडा उरलेला असताना. त्या वेळी देशभर शोध घेणं, दुसऱ्या विद्यापीठातून कुणी बडा प्रशिक्षक पळवून आणणं शक्यच नव्हतं. खुर्ची शेजारी बसलेल्या माणसालाच देणं भाग होतं. शेजारी होते बिल गथ्रिज, तब्बल 30 वर्षं स्मिथचे सहाय्यक, वय 60. वारस कोण हे स्मिथनी तारखेतूनच सांगून टाकलं, असं तेव्हाही बोललं गेलं आणि मलाही तसंच वाटतं.

या गथ्रिजसारख्या माणसांविषयी मला लिहायचं आहे. डोंगराएवढा माणूस उठून गेल्यावर त्याच्या खुर्चीत जो पहिल्यांदा बसतो, त्याच्याविषयी. पुढे कधीतरी सगळं स्थिरस्थावर होतं, नवी नावं मोठी होतात, आणि हा मधला माणूस इतिहासाच्या घडीत दुमडला जातो.

आपल्याकडे कॉलेजचा क्रीडाशिक्षक बदलला तर गावात बातमी होत नाही. अमेरिकेत बास्केटबॉलचा मुख्य प्रशिक्षक म्हणजे त्या विद्यापीठाचा चेहरा. कित्येक राज्यांत सरकारी पगारदारांच्या यादीत सर्वांत वरचं नाव राज्यपालाचं नसतं, कुलगुरूचं नसतं, प्रशिक्षकाचं असतं. याचं कारण पैशांइतकंच खेळाडूंच्या वयात आहे. मुलगा अठराव्या वर्षी येतो आणि चार वर्षांत जातो, हल्ली त्याहूनही लवकर. राहतो तो प्रशिक्षक. शाळकरी पोराच्या घरी जाऊन, त्याच्या आईसमोर बसून, 'तुमचा मुलगा माझ्याकडे द्या' असं म्हणणाराही तोच. पोरगा शब्द देतो तो त्या माणसाला, विद्यापीठाला नव्हे. म्हणून प्रशिक्षक गेला की दिलेले सगळे शब्द एकदम अधांतरी होतात.

आपण घराण्याची भाषा जाणणारे लोक आहोत. गुरू कोण, तालीम कुणाची, हे गवयाच्या नावाआधी विचारतो. या खेळाचंही घराणं आहे आणि त्याचा मूळपुरुष ठाऊक आहे. डिसेंबर 1891 मध्ये स्प्रिंगफील्डच्या वायएमसीए प्रशिक्षणशाळेत जेम्स नेस्मिथनी पीचच्या टोपल्या टांगल्या आणि तेरा नियम लिहिले. (नागपाड्याच्या मस्तान वायएमसीएच्या मैदानावर मुंबईची पोरं घाम गाळत आली, तेही याच संस्थेच्या अंगणात.) 1898 मध्ये नेस्मिथ कॅन्ससच्या विद्यापीठात गेले आणि तिथला संघ सांभाळू लागले. त्यांची नोंद 55 विजय, 60 पराभव. कॅन्ससच्या आजवरच्या प्रशिक्षकांत जिंकण्यापेक्षा हरणं जास्त असलेला एकच माणूस, आणि तो म्हणजे खेळ शोधून काढणारा. त्यांचा शिष्य आणि कॅन्ससमधला वारस फॉग ॲलन. ॲलनच्या हाताखाली खेळलेला ॲडॉल्फ रप पुढे केंटकीचा सम्राट झाला, आणि 1952 च्या ॲलनच्या विजेत्या संघात बाकावर बसणारा एक पोरगा होता डीन स्मिथ.

ॲलनचं जाणं क्लेशकारक होतं. सत्तरीला नोकरी सोडायची हा नियम त्यांच्या आड आला. नेमका तेव्हाच सात फुटांहून उंच विल्ट चेंबरलेन कॅन्ससमध्ये दाखल झाला होता. पहिल्या वर्षाच्या मुलांना मुख्य संघात खेळायची परवानगी नव्हती, त्यामुळे ॲलनना त्याला खेळवताच आलं नाही. तो घास त्यांच्या हाताखाली घडलेल्या डिक हार्पच्या ताटात पडला. आणि मार्च 1957 च्या अंतिम सामन्यात हार्पचा संघ, चेंबरलेन असूनही, तीनदा जादा वेळ खेळून 54-53 असा एका गुणाने हरला. तो एक गुण हार्पना जन्मभर पुरला. जिंकणारा नॉर्थ कॅरोलायनाचा संघ होता, हाही योगायोगच. हार्पनी 1964 मध्ये खुर्ची सोडली. त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, उतारवयात, डीन स्मिथनी त्यांना चॅपल हिलला आपल्या मदतनिसांत घेतलं. स्मिथविषयीचा माझा आदर या एका गोष्टीने फार वाढला.

हार्पपेक्षा अवघड पाट गाद्यांच्या इतिहासात एकाच माणसाच्या वाट्याला आला असेल. लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठात जॉन वूडननी 12 वर्षांत 10 राष्ट्रीय अजिंक्यपदं जिंकली होती, त्यातली 7 लागोपाठ. मध्ये 88 सामने सलग न हरता. हा माणूस मोसमाच्या पहिल्या दिवशी देशातल्या उत्तम खेळाडूंना मोजे कसे चढवायचे ते शिकवायचा. सुरकुती राहिली की फोड येतो, फोड आला की पोरगा सरावाला मुकतो. 1975 मध्ये उपांत्य सामना जिंकल्यावर त्यांनी खोलीत पोरांना सांगितलं, की तुम्ही माझा शेवटचा संघ. दोन दिवसांनी केंटकीला 92-85 असं हरवून दहावं अजिंक्यपद घेतलं आणि ते बाहेर पडले.

आता तिथे कोण बसणार? आले जीन बार्टो. दोनच वर्षांपूर्वी त्यांचा मेम्फिसचा संघ अंतिम सामन्यात वूडनच्याच संघाकडून हरला होता. त्या रात्री वूडनच्या बिल वॉल्टनने 22 पैकी 21 फेकी टोपलीत टाकल्या होत्या. यूसीएलएमधला बार्टोंचा पहिलाच सामना इंडियानाविरुद्ध. 84-64. वीस गुणांनी हार. त्या वर्षी इंडियाना एकदाही हरली नाही, पण हे लॉस एंजेलिसला कोण समजावणार? दोन मोसमांत बार्टो 52 जिंकले, 9 हरले, पहिल्याच वर्षी राष्ट्रीय स्पर्धेच्या शेवटच्या चार संघांत पोचले. दुसऱ्या कुठल्याही गावात त्यांची मिरवणूक निघाली असती. इथे रेडिओवर रोज त्यांचा हिशेब मांडला जाई, आणि त्या नऊ पराभवांचाच. पायउतार झालेले वूडन संघाच्या बाकामागेच बसून सामने पाहत. त्यांनी कधी ढवळाढवळ केली असं नाही. पण देव गाभाऱ्यात बसलेला असताना पुजाऱ्याकडे कोण बघतं?

1977 मध्ये बार्टो अलाबामातल्या बर्मिंगहॅमला गेले, जिथे बास्केटबॉलचा संघच नव्हता. त्यांनी तो शून्यातून उभा केला आणि पाच वर्षांच्या आत राष्ट्रीय स्पर्धेच्या शेवटच्या आठांत नेला. मला हा निर्णय पळपुटेपणाचा वाटत नाही. ज्या घरात आधीच्या माणसाची खुंटीवरची टोपीसुद्धा हलवता येत नाही, त्यातून निघून स्वतःचं घर बांधणं हे धाडसच. यूसीएलएत मात्र 1975 ते 1988 या तेरा वर्षांत पाच प्रशिक्षक झाले. त्यात वूडनचा सहाय्यक होता, वूडनचे खेळाडू होते. 1995 चं एक अजिंक्यपद सोडलं तर वूडननंतर तिथे आणखी एकही आलेलं नाही.

स्मिथनी हे सगळं पाहिलं असणारच. म्हणूनच ती ऑक्टोबरची तारीख. गथ्रिजनी पहिल्या मोसमात 34 जिंकले, 4 हरले. सहा तोलामोलाचे खेळाडू होते, सुरुवातीला पाचच उतरतात, म्हणून त्यांनी सहांची पाळी लावून दिली आणि कुणालाही नाराज केलं नाही. तीन वर्षांत दोनदा शेवटच्या चारांत. तरी 2000 च्या हिवाळ्यात थोडे सामने हरताच 'म्हातारा झाला' हे सुरू झालं. तो संघही अखेर शेवटच्या चारांत पोचलाच. त्या उन्हाळ्यात गथ्रिज थांबले.

मग खरी परीक्षा आली. सगळ्यांच्या मनातलं नाव होतं रॉय विल्यम्स, स्मिथचा जुना सहाय्यक, तोवर कॅन्ससमध्ये बारा वर्षं रुजलेला. विल्यम्सनी आठवडाभर घालमेल सोसली आणि कॅन्ससच्या स्टेडियममध्ये जमलेल्या लोकांसमोर 'मी राहतो' असं सांगितलं. चॅपल हिलला तो धक्का सोसवला नाही. घाईत मॅट डोहर्टीला बोलावलं गेलं. मायकल जॉर्डनबरोबर 1982 चं अजिंक्यपद जिंकलेला, वय 38, मुख्य प्रशिक्षक म्हणून अनुभव एका वर्षाचा.

डोहर्टीनी आपले सहाय्यक बरोबर आणले. स्मिथ-गथ्रिजच्या काळातले जुने सहाय्यक बाहेर पडले. नव्या प्रशिक्षकाने आपली माणसं आणणं जगरहाटीच आहे. पण हे कॅरोलायना होतं, जिथे स्वतः स्मिथ त्यांच्याच नावाच्या इमारतीच्या तळघरात कचेरी थाटून बसत होते. खेळाडूचा आधी ज्यांच्याशी संबंध येतो, जे त्याचं रुसणं-फुगणं जाणतात, ती माणसं एका झटक्यात गेली. पहिल्या वर्षी संघ काही काळ देशाच्या क्रमवारीत पहिला होता. दुसऱ्या वर्षी 8 विजय, 20 पराभव, त्या विद्यापीठाच्या इतिहासातला नीचांक. डोहर्टी कडक होते, ओरडायचे, पोरं दुरावली. एप्रिल 2003 मध्ये त्यांना जावं लागलं. चूक त्यांची होतीच. पण अडतीस वर्षांच्या माणसाच्या खांद्यावर, दुसऱ्याने नाकारलेली गादी ठेवताना ज्यांनी त्याला धीमेपणाने घरात रुळू दिलं नाही, त्यांच्याकडेही बोट जातं.

त्याच महिन्यात रॉय विल्यम्स घरी परतले. 4 एप्रिल 2005 रोजी इलिनॉयला 75-70 असं हरवून त्यांनी अजिंक्यपद जिंकलं. त्या रात्री मैदानावरचे शॉन मे, रेमंड फेल्टन, रशाद मकँट्स यांच्या घरी जाऊन, त्यांच्या आईवडिलांना भेटून त्यांना आणणारा माणूस डोहर्टी होता. जवाद विल्यम्स, जॅकी मॅन्युएल आणि मेल्विन स्कॉट ही तीन पोरं तर त्या 8-20 च्या वर्षी पहिल्या वर्षाला होती. सगळी नामुष्की त्यांनी अंगावर घेतली होती. पेरणाऱ्याला शेतातून काढलं आणि पीक उभं राहिलं, एवढंच मला दिसतं. रॉय विल्यम्सचं कर्तृत्व यामुळे उणावत नाही. विस्कटलेल्या पोरांचा संघ बांधणं सोपं नव्हतं. पण त्या करंडकावर दोन हातांचे ठसे आहेत.

2021 नंतर चित्र पालटलं. आता खेळाडूला नावावर पैसे मिळवता येतात, आणि एक वर्ष बाहेर न बसता विद्यापीठ बदलता येतं. प्रशिक्षक बदलला की पोरं सामान बांधतात. ड्यूक विद्यापीठाने म्हणूनच नवी रीत केली. 42 वर्षं गादीवर बसलेल्या माइक शशेफ्स्कींनी एक मोसम आधी निवृत्ती जाहीर केली आणि त्याच वेळी शिष्य जॉन शायर याला वारस नेमलं. पूर्ण वर्षभर पोरं कुणाकडे द्यायची हे आयांना ठाऊक होतं. ही रीत चांगली आहे, तरी शशेफ्स्कींच्या शेवटच्या घरच्या सामन्यात आणि नंतर कारकिर्दीच्या शेवटच्या सामन्यातही त्यांना हरवणारा होता कॅरोलायनाचा ह्यूबर्ट डेव्हिस, विल्यम्सच्या जागी नुकताच आलेला, स्मिथचाच जुना खेळाडू. पुढच्याच मोसमात डेव्हिसचा संघ सुरुवातीला देशात पहिला मानला जाऊनही राष्ट्रीय स्पर्धेत शिरू शकला नाही. नव्या माणसाला एक वर्ष कधीच पुरत नाही.

स्मिथ 2015 च्या फेब्रुवारीत गेले. मृत्युपत्रात त्यांनी आपल्या जुन्या खेळाडूंपैकी प्रत्येकाला 200 डॉलर ठेवले होते, बाहेर जेवायला जाण्यासाठी. त्याच वर्षी मे महिन्यात गथ्रिजही गेले. तीस वर्षं शेजारी बसलेला माणूस, जातानाही फार मागे राहिला नाही.

बार्टो 2012 मध्ये वारले होते. बर्मिंगहॅममध्ये त्यांच्या पाठोपाठ त्यांची गादी 1996 मध्ये मुलाने, मरी बार्टोने चालवली होती. पुढे मरी लॉस एंजेलिसला सहाय्यक म्हणून आला. 2018 च्या शेवटच्या दिवशी यूसीएलएने चालू मोसमातच प्रशिक्षकाला काढलं आणि उरलेल्या मोसमापुरता संघ मरीकडे सोपवला. वडील ज्या बाकावर 41 वर्षांपूर्वी शेवटचे बसले होते, त्यावर मुलगा बसला. समोर लाकडी मैदान होतं, आता वूडन आणि त्यांची पत्नी नेल यांच्या नावाचं. मरी दहा सामने जिंकला, दहा हरला. मोसम संपल्यावर गादी दुसऱ्याला मिळाली.