मुरुमांवरील झाडपाल्याचे लेप : गैरसमज आणि वस्तुस्थिती

ठाणे खाडीकाठच्या नवी मुंबईत दमट हवेमुळे चेहरा सतत घामट-तेलकट राहतो, आणि मुरूम उठले की हळद, कडुनिंब, लिंबू यांचे लेप घरोघरी लावले जातात. मात्र लेपाचा गुण वनस्पतीच्या नावावर नव्हे, तर तिच्यातील घटकाच्या मात्रेवर आणि तो त्वचेत कोठवर पोहोचतो यावर अवलंबून असतो.

गैरसमज : मुरूम म्हणजे साचलेली घाण, ती लेपाने ओढून निघते.
वस्तुस्थिती : वयात येताना अँड्रोजेन संप्रेरकांमुळे तैलग्रंथी अधिक सीबम, म्हणजे त्वचेचे नैसर्गिक तेल, स्रवतात, त्यात मृत पेशी मिसळून केसाच्या मुळाशी असलेली नळी बुजते आणि आत क्युटिबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस हे जिवाणू वाढून दाह होतो. मुलतानी माती वरचे तेल शोषते, परंतु बुजलेली नळी मोकळी करीत नाही.

गैरसमज : लिंबाचा रस चोळल्याने मुरूम वाळतात आणि डाग जातात.
वस्तुस्थिती : रसाचा सामू, म्हणजे आम्लतेचे माप, सुमारे २ असतो, तर त्वचेचा ५ च्या आसपास, त्यामुळे रसाने आग होते, आणि लिंबातील फ्युरोकुमरिन ही द्रव्ये त्वचेवर असताना ऊन लागल्यास डाग जाण्याऐवजी नवे काळे चट्टे उमटू शकतात.

गैरसमज : वनस्पतींच्या उपचारांना कसलाच आधार नाही.
वस्तुस्थिती : लोध्र, धने आणि वेखंड यांचा लेप आयुर्वेदाच्या परंपरेत तारुण्यपिटिकांवर, म्हणजे मुरुमांवर, सांगितला आहे, पण परंपरा आणि चाचणी या वेगळ्या गोष्टी आहेत. ऑस्ट्रेलियात १९९० मध्ये १२४ रुग्णांवरील चाचणीत ५ टक्के टी ट्री तेलाच्या जेलने, मुरुमांवरील नेहमीच्या ५ टक्के बेंझॉइल पेरॉक्साइड या औषधाप्रमाणेच, मुरूम कमी झाले. गुण उशिरा आला, पण त्रास कमी झाला. हेच तेल पातळ न करता लावल्यास मात्र त्वचेला अ‍ॅलर्जी होऊ शकते.

गैरसमज : ‘घरगुती’ किंवा ‘हर्बल’ म्हटले की निर्धोक.
वस्तुस्थिती : सुट्या हळदीत मेटानिल यलो या रंगाची भेसळ आढळते, आणि शुद्ध हळदीनेही काहींच्या त्वचेवर पुरळ उठते. लेबल नसलेल्या क्रीममधील स्टेरॉइडने आधी चेहरा उजळतो आणि पुढे मुरूमच वाढतात. २०२३ मध्ये तर अकोल्यातील एकाच कुटुंबातील तिघांच्या मूत्रपिंडांच्या विकाराचे मूळ त्वचा उजळवणाऱ्या क्रीममधील पाऱ्यात असल्याचे मुंबईच्या केईएम रुग्णालयात आढळले.

म्हणून कोणताही लेप आधी कोपराच्या आतील बाजूस लावून दोन दिवस पाहावा, आणि दुखऱ्या गाठी किंवा खड्डे पडू लागल्यास लेप बदलत न बसता त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे, कारण एकदा पडलेले व्रण कोणत्याही लेपाने भरून येत नाहीत.