ओम्नी : एका कौटुंबिक मोटारीचे गुणदोष

गृहस्थानें मोटार घ्यावयाची ती बहुधा सहकुटुंब सहपरिवार हिंडतां यावें म्हणून. परंतु कुटुंब सात-आठ माणसांचें आणि गाडी चौघांची, ही अडचण भारतांतील मध्यमवर्गाला दीर्घकाळ छळीत होती. ‘मारुति’ कंपनीनें १९८४ सालीं जी व्हॅन बाजारांत आणली आणि जी पुढें ‘ओम्नी’ या नांवानें घरोघर परिचित झाली, तिनें ही अडचण मोठ्या युक्तीनें सोडविली.

ती युक्ति अशी. इतर मोटारींना एंजिनासाठीं पुढें लांब नाक असतें; ओम्नीला तें ठेवलेंच नाहीं. तीन सिलिंडरांचें, ७९६ घनसेंटिमीटरचें तिचें लहानसें एंजिन पुढच्या आसनांखालीं दडविलेलें असे आणि त्याची शक्ति मागच्या चाकांस पोंचे. चालक अगदीं पुढें, जवळजवळ चाकांच्या वरच बसे. नाकाची जागा अशी वांचल्यामुळें साडेतीन मीटरांहूनही आंखूड असलेल्या या पेटीवजा गाडींत पांचांची, आणि दुसऱ्या एका प्रकारांत आठांची, बैठक मावली. शिवाय बाजूचीं मागचीं दारें बाहेर न उघडतां मागें सरकत. त्यामुळें पेठेंतल्या अरुंद बोळांत भिंतीजवळ गाडी उभी केली तरी माणसांना उतरतां येई. लग्नाचें सामान, भाजीच्या पाट्या, शाळेचीं मुलें, रुग्णाची खाट, सारें तिनें वाहिलें. हिंदी चित्रपटांतील पळवापळवी करणाऱ्या टोळ्यांनाही तें सरकतें दार फार सोयीचें वाटलें, हा भाग निराळा!

तिचे कांहीं दोष सोसण्यासारखे होते. आसनाखालचें एंजिन उन्हाळ्यांत बसणाऱ्यास चांगलाच शेक देई. दुरुस्तीच्या वेळीं आसन उचलावें लागे. आणि माणसांनीं भरलेली गाडी घाटांत धापा टाकी. खरा दोष मात्र त्या युक्तीच्याच पोटांत होता.

मोटारीचें नाक म्हणजे केवळ एंजिनाचें घर नव्हे. समोरून धडक बसली असतां तें चुरगळतें, आणि चुरगळतां चुरगळतां धडकेचा जोर जिरवितें. येथें थोडा हिशेब केला पाहिजे. ताशीं ५६ किलोमीटर वेगानें जाणारी गाडी आदळून ६० सेंटिमीटरांत थांबली, तर आंतील माणसाला त्याच्या वजनाच्या सुमारें वीस पट बळाचा धक्का बसतो. तीच २० सेंटिमीटरांत थांबली, तर तो साठ पट होतो. आतां पुढच्या आसनावर मांडीवर दहा किलो वजनाचें मूल आहे असें समजा. त्याला धरून ठेवण्यास सहाशें किलोंचें बळ लागेल. कोणत्या आईच्या हातांत तें असणार? ओम्नींत चालकाच्या गुडघ्यांपुढें पत्र्याखेरीज फारसें कांहीं नव्हतें.

भारतांत धडकेच्या परीक्षेचे जे नवे नियम आले, त्यांतही याच वेगाची कसोटी आहे. सांगाडा मुळापासून बदलल्यावांचून ओम्नी तींत उतरण्यासारखी नव्हती. २०१९ सालीं तिचें उत्पादन थांबलें.

जुन्या ओम्नी अद्यापि रस्त्यावर दिसतात. ज्यांच्या दारीं ती आहे, त्यांनीं बाजारहाटासाठीं, संथ गतीनें, पट्टे बांधून ती वापरावी. भरधाव हमरस्त्यावर मात्र नेऊं नये, आणि पुढच्या आसनावर मुलाला कधींच बसवूं नये.