वर्गातल्या अबोल मुलाचं उत्तर

शितावरून भाताची परीक्षा आपण रोज करतो. वर्गाची मात्र तशी करून चालत नाही. बाईंनी प्रश्न विचारला की पुढच्या बाकावरचे चार हात वर होतात, उत्तर बरोबर येतं आणि धडा पुढे सरकतो. मागच्या बाकावरच्यांना कळलं की नाही, ते गुलदस्त्यातच राहतं!

पिंपरी-चिंचवड, चाकणकडे तर हे जास्तच जाणवतं. कारखान्यांच्या नोकरीसाठी मराठवाड्यातून, विदर्भातून, बिहार-उत्तर प्रदेशातून कुटुंबं येथे आली. घरची बोली एक, वर्गातली दुसरी. ‘चुकलं तर हसतील’ म्हणून मूल गप्प बसतं, आणि आपण समजतो, स्वभावच अबोल!

२०२०च्या टाळेबंदीत शाळा फोनवर आली आणि उत्तरं गोळा करणारी अ‍ॅप्स पुष्कळ शिक्षकांच्या हाती आली. मेंटीमीटरवर मुलं आपापल्या फोनवरून उत्तर देतात आणि ते नावाशिवाय पडद्यावर उमटतं. लाजऱ्या मुलांना याचा मोठा आधार. कहूट म्हणजे प्रश्नमंजूषेचा खेळ. मुलं रंगून जातात. पण त्यात लवकर उत्तर देणाऱ्याला जादा गुण मिळतात. सावकाश विचार करणारं मूल तेथे मागे पडतं, हे विसरू नका.

तुम्ही म्हणाल, “घरात फोन एक, आणि तोही ह्यांच्याबरोबर पहिल्या पाळीला जातो!” अगदी खरं. त्यावर प्लिकर्सचा उपाय आहे. प्रत्येक मुलाला कागदावर छापलेलं एक कार्ड द्यायचं. त्याच्या चार बाजू म्हणजे चार पर्याय. आपल्या उत्तराची बाजू वर करून मुलं कार्ड धरतात आणि बाई आपल्या एकट्या फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवतात. कुणाला काय आलं, ते क्षणात दिसतं. प्रत्येक कार्डाची नक्षी निराळी, त्यामुळे शेजाऱ्याचं पाहून उत्तर देता येत नाही. मुलांना फोन लागतच नाही!

अर्थात साधन आलं म्हणजे शिकवणं आलं, असं नव्हे. चाकण ज्या खेड तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातल्या जालिंदरनगरच्या जिल्हा परिषद शाळेचं उदाहरण घ्या. दत्तात्रय वारे गुरुजींच्या या शाळेत मुलंच एकमेकांना शिकवतात. २०२५ साली जगातल्या उत्तम शाळांच्या स्पर्धेत लोकांच्या मतांनी तिची निवड झाली. मूल तोंड उघडतं ते विश्वासामुळे. अ‍ॅप त्याला नुसता हातभार लावतं.

तेव्हा पुढच्या पालकसभेला तीन गोष्टी जरूर विचारा. फोन नसलेल्या मुलांची सोय काय? चुकलेल्यांची नावं सगळ्यांना दिसतात का? आणि निम्मा वर्ग चुकला, तर तो भाग पुन्हा शिकवतात का? यातला तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा.

घरीही थोडं पथ्य पाळा. खेळात पूर्ण नावाऐवजी टोपणनाव घालायला सांगा. फोन एकच असेल तर मुलाला आधी आणि मुलीला उरलेला वेळ, असं करू नका. दोघांच्या वेळा ठरवून द्या. आणि संध्याकाळी “किती गुण पडले?” असं विचारण्याऐवजी “आज काय चुकलं, आणि मग काय समजलं?” असं विचारून पाहा. चूक सांगायची भीती आधी घरात गेली, म्हणजे वर्गातही हात वर होईल.