निसटलेला स्टेंट

आमच्या वऱ्हाडात विहिरीत बादली पडली, की गळ टाकून काढतात. अँजिओप्लास्टीत क्वचित तसाच प्रसंग येतो. फुग्यावर घट्ट बसवलेली जाळीची नळी, म्हणजे स्टेंट, कॅल्शियम साचून कडक झालेल्या, वळणाच्या धमनीत अडकते. मागे घेताना फुग्यावरून सुटते. हल्ली शंभरात एकालाही असे होत नाही. पण सुट्या स्टेंटवर गुठळी धरू शकते. अशा वेळी आतली बारीक तार ओढून काढायची नाही, कारण स्टेंट बहुधा तिच्यातच ओवलेला असतो. तिच्यावरूनच लहान फुगा पलीकडे नेऊन फुगवतात आणि दोन्ही हळूच मागे घेतात. नाहीतर तारेचा फास टाकतात. तेही न साधल्यास दुसऱ्या स्टेंटने तो भिंतीशी दाबून ठेवतात. अमरावती असो की अकोला, दाराबाहेरच्या नातेवाइकांना ‘निसटला’ एवढेच ऐकू येते! डॉक्टर चुकलाच, असे नसते. मात्र स्टेंट आत राहिला असेल, तर डिस्चार्ज कार्डावर तसे लिहून घ्यावे.