बाखचं व्हायोलिन आणि पुण्याचे गुरुजी

१९५२ साली येहुदी मेन्युहिन मदतनिधीसाठी कार्यक्रम करत भारतभर फिरत होते. व्हायोलिनच्या दुनियेत तेव्हा याहून मोठं नाव क्वचितच असेल. पडद्यामागे मात्र ज्या हातानं हे नाव मिळवून दिलं, तोच हात त्यांना छळत होता.

लहानपणीच जग जिंकलेला हा कलावंत. विशीच्या उंबरठ्यावर असताना, १९३४ ते ३६ या काळात, बाखच्या एकट्या व्हायोलिनसाठीच्या सहाही रचना त्यांनी ध्वनिमुद्रित केल्या. हात कसा चालतो, हे स्वतःला विचारायची वेळच आली नव्हती. मग महायुद्धात सैनिकांसाठी शेकड्यांनी कार्यक्रम झाले, आणि गज धरणारा हात आखडू लागला.

बाख वाजवताना ही अडचण झाकता येत नाही. अलमांद, कुरांत, साराबांद, जिग हे मुळात नाच. बरोक काळात ते एका माळेत ओवून सुईट होई. नरसी नामदेव या गावच्या कीर्तनात मृदंगाबरोबर पावली पडते, तशी या संगीताची मुळं पायांत आहेत. एरवी त्या काळी व्हायोलिनला हार्पसिकॉर्डची साथ असे; खर्ज आणि ठेका ती सांभाळी. बाखनं या सहा रचनांच्या १७२० च्या हस्तलिखितावर ‘साथीविना’ असंच लिहून ठेवलं. म्हणजे सूर, खर्ज, ठेका, सगळा भार एका गजावर. यातल्या डी मायनर पार्टिटातला, म्हणजे अशाच एका सुईटमधला, शेवटचा नाच शाकोनच पाव तासाच्या घरात जातो. पुढच्या पिढ्यांना हे एकटेपण सोसवलं नाही. मेंडेलसोननं शाकोनला पियानोची साथ दिली, शुमाननं १८५३ मध्ये सगळ्याच रचनांना. मला ती साथ नको वाटते. त्या एकट्या गजाची झुंज ऐकण्यातच खरा आनंद आहे.

तर, मुंबईत थकलेल्या मेन्युहिनना भेटायला पुण्याहून बी. के. एस. अय्यंगार आले. १९३७ पासून ते पुण्यात योग शिकवत होते. पाहुण्यांकडे पाचच मिनिटं होती. अय्यंगारांनी त्यांना शवासनात निजवलं, बोटांनी डोळे-कान मिटले. मेन्युहिनना गाढ झोप लागली, आणि पाच मिनिटांची भेट काही तासांवर गेली, अशी आठवण सांगतात.

मान, खांदा, पाठ मोकळी झाल्याखेरीज गज मोकळा होत नाही. व्हायोलिनच्या तालमीत नजर बोटांवर असते; अय्यंगारांची नजर अख्ख्या शरीरावर होती. त्या भेटीचं मोल मला इथं दिसतं. १९५४ मध्ये मेन्युहिननी त्यांना स्वित्झर्लंडला नेलं आणि एक घड्याळ भेट दिलं. त्यावर कोरलं होतं: माझ्या सर्वोत्तम व्हायोलिन-शिक्षकाला. पुढं १९६६ मध्ये अय्यंगारांचं ‘लाइट ऑन योगा’ निघालं. त्याची प्रस्तावना मेन्युहिनचीच.